मी पुसलेली रेघ

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी कशेळ्याच्या बाजारात माझी चांगलीच तंतरली.

मी एका विमान कंपनीत आहे. कुठलं विमान किती उंचीवरून न्यायचं, ते आमच्या टेबलावर ठरतं. वरची हवा थंड आणि ओली असली की विमानामागची पांढरी रेघ टिकते, पसरते आणि जमिनीची उष्णता अडवून धरते. म्हणून सध्या आमची ट्रायल चालू आहे... अशा पट्ट्यात विमान जरा खालून न्यायचं, म्हणजे रेघच उमटत नाही.

शनिवारी कर्जतवरची विमानं मीच खाली घेतली. संध्याकाळी कर्जतलगतच्या भिसेगावला घरी आले तर आभाळ कोरं करकरीत. स्वतःवरच खूश झाले.

रविवारी बाजारात करांदे, म्हणजे ते रानातले कंद, घ्यायला गेले. विकणाऱ्या कांतामावशी डोंगरातल्या वाडीवरच्या, जुनी ओळख. सहज विचारलं, भात कापलं का?

"कापला गं. काल येक बी रेघ फुगली नाय, मंग आज सकाळीच कापून आडवा टाकलाय."

रेघ फुगून राहिली तर पाऊस जवळ, नाहीतर कोरडं... मावशी कित्येक वर्षं असंच बघून भात कापतात. पण काल वर ओल होतीच, फक्त मी ती दिसू दिली नव्हती. आणि भिजलं तर त्यांच्या वर्षभराच्या भाताला शेतातच मोड येणार.

कसंबसं सांगितलं. मावशींनी हातातले करांदे टोपलीत परत टाकले.

"म्हंजे आभाळातली खूण तू पुसलीस?"

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

टोपली शेजारणीकडे ठेवून त्या जीपमध्ये बसल्या, मागोमाग मी. सीटा भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना आणि मी नुसती खिडकीतून आभाळ बघतेय... शेतावर पोचलो, भारे बांधले, रचून वर ताडपत्री टाकत गेलो. माझे हात सोलवटले. चारच्या सुमाराला टपोरे थेंब पडायला लागले तेव्हा शेवटचा भारा मावशींच्या डोक्यावर होता.

ट्रायल चुकीची आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण खालून कोणी ते आभाळ वाचत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मावशींनी एका शब्दानेही दोष दिला नाही, याचे आभार कसे मानू...

आता शिफ्ट संपली की त्यांना फोन करते. त्या रोज एकच विचारतात.

"आज रेघ नाय दिसली गं. आपसूक पुसली, का तुमी पुसली?"