रॅकचं दार लावलं की मरणारं कार्ड

मी मूळची नागपूरची. लखनौत नोकरी लागली, तेलीबागेत घर झालं, मुलगी माझ्या मराठीला हिंदीत उत्तरं द्यायला लागली, तरी राग आला की माझ्या तोंडून अस्सल नागपुरीच निघतं. त्या सप्टेंबरात ते बरंच निघालं.

आमचं ऑफिस सरकारी, आणि तिथलं नेटवर्क माझ्याकडे. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून आत येणाऱ्या सगळ्यावर फायरवॉलचा पहारा असतो. आमची फायरवॉल म्हणजे एक जुनाट डबा होता, सारखा कण्हणारा. मी साहेबांच्या हात धुऊन मागे लागले, तो डबा काढला आणि मोठ्या सर्व्हरच्या पोटात व्हर्च्युअल फायरवॉल बसवली. म्हणजे वेगळं यंत्रच नाही, सगळं सॉफ्टवेअर. तिचं नेटवर्क कार्डसुद्धा खोटं खोटं. फक्त त्या खोट्या कार्डाच्या खाली सर्व्हरचं खरं कार्ड आणि खरी वायर. सगळं मी एकटीनं बसवलं. मला त्याचा माज होता, आणि का नसावा?

आठवडा धड गेला नाही तोच फायरवॉलचं ते खोटं कार्ड मरायला लागलं. चालता चालता सगळं ऑफिस ठप्प. थोड्या वेळानं आपोआप सुरू, की पुन्हा ठप्प. लोक खुर्चीत मान वळवून माझ्याकडे बघायचे. दिल्लीच्या एका ठेकेदाराचा आमच्या कामावर कधीपासून डोळा होता. तो साहेबांना फोनवर समजावायचा की व्हर्च्युअलमध्ये हे असंच होतं. शेवटी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की सोमवारपर्यंत ठीक झालं नाही तर जुना डबा परत बसेल, नेटवर्क ठेकेदाराकडे जाईल आणि मी आवक-जावक विभागात. काय बाप्पा, इतकी वर्षं शिकून पाकिटांवर शिक्के मारत बसू? घरी येऊन मी भांडी अशी आपटली की मुलीनं खोलीचं दार लावून घेतलं.

मग मी एकेक गोष्ट धरून बसले. खोट्या कार्डाचा प्रकार बदलून पाहिला. त्याची जास्तीची कामं बंद करून पाहिली. फायरवॉल पुन्हा नव्यानं बसवून पाहिली. ढिम्म फरक नाही. आपण सगळं फायरवॉलच्या आतच शोधतोय हे लक्षात आलं, तेव्हा मी खाली उतरले, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदी उघडल्या. तिथं स्वच्छ दिसत होतं की दर वेळी आधी खरं कार्ड वायर सुटल्याचं सांगत होतं, आणि मगच वरचं मरत होतं. माझ्या फायरवॉलचा काही दोष नव्हता. मला रडूच आलं, आणि लगेच संतापही आला.

सर्व्हरच्या खोलीत जाऊन रॅकचं, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या कपाटाचं, काचेचं दार उघडलं. वायर घट्ट, दिवा हिरवा, सगळं झकास. दार लावून जागेवर आले तर नेटवर्क गेलेलं. परत जाऊन दार उघडलं, आलं. लावलं, गेलं. तेव्हा कुठे माझं लक्ष त्या लाल धाग्याकडे गेलं.

विश्वकर्मा पूजेला इकडे यंत्रांना टिळा लावतात, कलावा, म्हणजे पूजेचा लाल धागा, बांधतात. यंदाची पूजा फायरवॉल बसवल्याच्याच आठवड्यात आली होती, आणि त्या दिवशी साहेबांनी सर्व्हरच्या सगळ्या वायरी एकत्र धरून त्यांवर स्वतःच्या हातानं तो लाल धागा गुंडाळला होता, गाठीवर गाठ मारून. वायरींचा जाडजूड जुडगा पुढे आला होता. दार लागलं की काच त्यावर दाबायची आणि टोकाची एक वायर, नेमकी फायरवॉलची, कार्डातून सुटायची; मग सर्व्हरच्या थरथरीनं कधी परत लागायची, कधी पुन्हा सुटायची.

आता हे सांगायचं कसं? आम्ही बौद्ध. मी पूजेत बसत नाही, हे साहेबांसकट सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशीही दाराशी उभी राहून बुंदीचा प्रसाद तेवढा घेतला होता. कात्री माझ्या खणात होती. कुणाला पत्ताही लागला नसता. पण चोरून कापलं असतं तर दोष माझ्याच कामाला चिकटून राहिला असता, आणि धागा त्यांनी मनापासून बांधला होता. मी साहेबांना सर्व्हरच्या खोलीत बोलावलं आणि सरळ सांगितलं.

त्यांनी वाकून धाग्याच्या गाठींवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "आप तो पूजा में बैठती नहीं हैं."

"नहीं बैठती, सर. पर आपका बाँधा धागा मैंने काटा भी नहीं. दरवाज़ा आप खुद बंद करके देखिए."

त्यांनी दार लावलं. बाहेरच्या हॉलमधून नेट गेल्याची ओरड आली. त्यांनी दार उघडलं, ओरड थांबली. त्यांचा विश्वास बसेना, पुन्हा लावलं. पुन्हा ओरड. मग चष्मा कपाळावर सरकवून ते खाली बसले आणि नखांनी एकेक गाठ सोडवू लागले. मी वायरी धरून ठेवल्या. धाग्याची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. मी वायरी कडेनं ओढून घेतल्या, दार लावलं. दिवा हिरवाच राहिला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ठेकेदार होता, सोमवारी माणूस पाठवू का विचारत होता. इतकी वर्षं साहेब माझी ओळख करून देताना "कंप्यूटर वाली मैडम" म्हणायचे. तिथंच उभं राहून ते फोनवर म्हणाले, "रहने दीजिए. हमारे यहाँ अपनी इंजीनियर हैं."

मी वर बघितलंच नाही. काचेआडचा तो हिरवा दिवाच बघत बसले, नाहीतर मला किती आनंद झालाय ते त्यांना दिसलं असतं.