इंग्रज चित्रकारासमोर बसताना

नेदरलँड्समधल्या नायमेखनला शिकत असताना मी ज्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती, ते मूळचे इंग्लंडचे चित्रकार. आयुष्यभर त्यांनी माणसंच काढली. तरुणपणी त्यांच्याबरोबरचे सगळे नुसते रंगांचे पट्टे रंगवत होते, हे चेहरे काढत बसले, म्हणून मागे पडले, असं ते स्वतःच सांगायचे. लग्न करून नेदरलँड्सला आले, संध्याकाळी चित्रकला शिकवत राहिले. नियम एकच. फोटोवरून काढायचं नाही, माणूस समोर बसला पाहिजे.

लॉकडाऊनमध्ये कुणी समोर बसायला येईना. वर्षभरात त्यांचं एकही चित्र पुरं झालं नव्हतं आणि हात थरथरायला लागले होते.

"तू बसशील?"

मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी केसांना तेल लावून, ठेवणीतला ड्रेस घालून, फोटो स्टुडिओत बसावं तशी ताठ बसले.

"अगं, परीक्षा नाहीये," ते हसले.

बाबांना जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. विमानं मिळत नव्हती. अंत्यविधी मी मोबाईलवर पाहिला. रडू आलं नाही. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

अर्ध्या झालेल्या चित्राचा फोटो आईला पाठवला, तर तिचा लगेच फोन.

"जित्या माणसाचं एवढं मोठं चित्र? आपल्याकडे भिंतीवर कोण असतं, ठाऊक नाही तुला? तुझ्या बापाला आत्ताच लावलंय तिथं. त्या म्हाताऱ्याला सांग, बंद कर म्हणावं."

मी खाली जाऊन त्यांना सगळं सांगितलं. बाबांचंही. त्यांनी ब्रश पुसून बाजूला ठेवला.

"मग थांबवू. तू बसली नाहीस तर मी पुढे काढणार नाही. तुला काय वाटतं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी जाऊन बसले. आईला सांगितलं, थांबवलं. का बसले, ते आजही नीट सांगता येत नाही. तिथे काही बोलावं लागत नसे, एवढं खरं.

तीन आठवड्यांनी चित्र पुरं झालं.

"डोळे चारदा खरवडले," ते म्हणाले. "तू कुठेच बघत नव्हतीस. शेवटी तसेच ठेवले."

मी पाहिलं. बरं वाटलं नाही, वाईटही नाही.

"छान आहे. फक्त फ्रेम करू नका."

त्यांनी मान डोलावली आणि कॅनव्हास खाली जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवला.