शनिवारचा शिकारी

दिगंबर गेल्याचा फोन मला आला तो अर्लचा. सकाळचे साडेदहा वाजले होते, मी ऑफिसात होतो. अर्ल म्हणजे दिगंबरचा जुना साहेब. तीन वर्षांपूर्वी रिटायर झालेला, फोनवर दोन वाक्यांपलीकडे कधी न जाणारा टेक्सासचा म्हातारा. कंपनीतल्या कुणीतरी आधी त्याला कळवलं होतं. "डिग पार्किंग लॉटमध्ये पडला. गेला," एवढंच म्हणाला. आणि मग, "त्याच्या बायकोला तू सांग. तुमच्या भाषेत सांग. असली गोष्ट परक्या भाषेत ऐकायची वेळ कुणावर येऊ नये." मी गाडी काढली. माझ्या ऑफिसपासून शुगर लँडमधल्या त्याच्या घरापर्यंत सात सिग्नल लागतात. एरवी सातांपैकी पाच लाल असतात. त्या दिवशी ऑगस्टच्या उन्हात सातच्या सात हिरवे मिळाले.

दिगंबर सत्तेचाळीस वर्षांचा होता. सांगलीचा इंजिनियर, शुद्ध शाकाहारी, शनिवारचा उपवास करणारा. आणि आठ वर्षं दर हंगामात खारींच्या शिकारीला जाणारा. ही दोन वाक्यं एका माणसाची कशी, हे समजायला त्याच्या बायोडेटापासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे बायोडेटा लिहिताना माणूस काही गाळत नाही. चौथीतल्या वक्तृत्वाच्या उत्तेजनार्थ बक्षिसापासून सगळं त्यात येतं. दिगंबरनं नोकरीच्या अर्जात शेवटच्या ओळीला लिहिलं होतं : एन.सी.सी., रायफल शूटिंगमध्ये कॉलेजात प्रथम. अर्लनं मुलाखतीत पाइपलाइनबद्दल दोन प्रश्न विचारले आणि रायफलीबद्दल पाच. नोकरी मिळाली. खरी हकीकत दिगंबरनं मला पुढे सांगितली. फायरिंगच्या दिवशी शेजारच्या घाबरलेल्या कॅडेटनं आपल्या गोळ्या याच्या टार्गेटवर झाडल्या होत्या. पाच गोळ्यांची नऊ भोकं निघाली. हवालदाराला जेवायची घाई होती, त्यानं त्यातली चांगली पाच मोजली आणि दिगंबर कॉलेजात पहिला आला. "तू बोलला का नाहीस?" मी विचारलं. "माझ्या आधी प्रिन्सिपॉलच बोलले ना," तो म्हणाला. "हार घालून."

एक्याऐंशीच्या सप्टेंबरात अर्लनं त्याला विचारलं, "खारींच्या शिकारीला कधी गेलायस?" आता अशा वेळी आपला माणूस "नाही, मला जमणार नाही" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "आय वुड लव्ह टु, सर." म्हणजे काय, तर कधीतरी, बघू, आपण या ना घरी. अर्लच्या भाषेत त्याचा एकच अर्थ होता. "सॅटर्डे. फोर थर्टी," तो म्हणाला. आणि ग्रीन कार्डाच्या कागदांवर सही अर्लची व्हायची होती.

शालिनीवहिनींनी त्याला जाऊ दिलं, पण एका अटीवर. "बंदूक धरा, मिरवा, फोटो काढून घ्या. पण मारायचं नाही. शब्द द्या." त्यानं शब्द दिला. शनिवार असल्यामुळे वहिनी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा देत. लग्नातला स्टीलचा डबा, झाकणावर दोघांची नावं कोरलेली. अर्लनं दिगंबरला एक खाकी जाकीट दिलं होतं. त्याला पाठीवर आतून रबराचं अस्तर लावलेला मोठा खिसा होता, मारलेल्या खारी टाकण्यासाठी. रक्त बाहेर झिरपू नये म्हणून ते अस्तर. दिगंबर त्या खिशात खिचडीचा डबा ठेवायचा. उपाशीपोटी शिकार करणारा आणि शिकारीच्या खिशात खिचडी बाळगणारा माणूस टेक्सासच्या इतिहासात दुसरा झाला नसेल.

हळूहळू त्याचं बाकीचं सामानही जमलं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कारण नदीकाठच्या त्या रानात साप असत. बसायला फोमची चपटी गादी, चहाचा थर्मास. आणि अर्लनं ख्रिसमसला दिलेली एक लाकडी नळी, जिच्या टोकाला रबराचा फुगा होता. तो तळहातावर आपटला की चिडलेल्या खारीसारखा कट्-कट्-कट् आवाज येई आणि झाडावरची खरी खार उत्तर द्यायला फांदीवर यायची. दिगंबर ती नळी इतकी सुरेख वाजवायचा की अर्ल म्हणे, "डिग, तुला खारी चुलतभाऊ समजतात." रायफल मात्र अर्लची, बावीस बोअरची, अगदी एन.सी.सी.त असते तशीच; अर्ल स्वतः छर्‍यांची बंदूक वापरी. ओकच्या झाडाला पाठ लावून दोघं दोन-दोन तास न बोलता बसत. खार दिसली की दिगंबर तिच्या एक वीत वर नेम धरी आणि बार उडवी. पाच हंगाम त्यानं टेक्सासची फक्त पानं पाडली. "इंडियाच्या फौजेचं कसं काय चालतं?" अर्ल विचारी. "तिथे टार्गेट हलत नाही, सर," दिगंबर सांगे.

हे सगळं तो मला रंगवून सांगायचा आणि मी पोट धरून हसायचो. त्या हसण्याखाली काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. एकदा म्हणाला, "नागपूरकर, दर शुक्रवारी दुपारी माझं हेच. नाही म्हणायचं ठरवून साहेबाच्या केबिनमध्ये जातो आणि किती वाजता निघायचं ते विचारून बाहेर येतो." पंच्याऐंशीत ग्रीन कार्ड आलं. आम्ही पेढे खाल्ले. मी म्हटलं, "सुटलास." तो म्हणाला, "हो, या वर्षी सांगतोच." तेवढ्यात तेलाचा भाव पडला, ह्यूस्टनमधली निम्मी ऑफिसं ओस पडली आणि कंपनीनं अर्ललाच घरी बसवलं. त्याची बायको आदल्या वर्षी वारली होती. अशा माणसाला त्या महिन्यात नाही कसं म्हणायचं? दिगंबर आणखी एक हंगाम गेला.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरातला तो शनिवार मला आठवतो. संध्याकाळी दिगंबर आमच्या गॅरेजसमोर आला आणि सरळ बागेच्या नळाखाली हात धुऊ लागला. धुतच राहिला.

"काय झालं रे?"

"मारली."

"काय मारली?"

"खार. मारली मी."

अर्लची नजर गेली होती. दिगंबरला ते त्या सकाळी कळलं. अर्ल झाडातल्या वाळक्या पानांच्या गोळ्यावर चार वेळा बार काढून विचारत होता, "लागली?" मग बंदूक मांडीवर ठेवून म्हणाला, "आज एक जरी मिळाली नाही ना डिग, तर मी समजेन आपलं संपलं." थोड्या वेळानं हिकरीच्या फांदीवर खरोखरच एक खार येऊन बसली. अर्लनं साधारण त्या दिशेला बंदूक रोखली. दिगंबरनं आपल्याकडची रायफल उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट नेम धरला. अर्लच्या बंदुकीचा बार मोठा, त्यात याचा बारीक आवाज बुडून गेला. खार पडली. "गॉट हिम!" अर्ल ओरडला. "गुड शॉट, सर," दिगंबर म्हणाला.

"इकडच्या खारींच्या पाठीवर रामाची बोटं नसतात," हात पुसत तो मला म्हणाला. "मी पालथी करून बघितली." आणि मग, जरा वेळानं, "कॉलेजात दुसऱ्याच्या गोळ्यांनी मी पहिला आलो होतो. ती उधारी फिटली म्हणायची."

"आता जाणं बंद कर," मी म्हटलं. "कार्ड खिशात आहे. तो तुझा साहेबही राहिला नाही."

"आता कसं बंद करू? त्याला वाटतंय, त्यानं मारली. पुढच्या शनिवारी ये म्हणालाय. किती खूश होता माहितीये?" मग त्यानं माझ्याकडून वचन घेतलं की हे शालिनीला कळता कामा नये, आणि अर्ललाही नाही. मी दिलं. वचन द्यायला काय जातं... त्या शनिवारपासून त्यानं ती खिचडी रानात खाल्ली नाही. डबा तसाच आमच्या गॅरेजमध्ये आणून उघडायचा, हात धुऊन खायचा आणि रिकामा घरी न्यायचा. तीन हंगाम हे चाललं. दर हंगामात चार-पाच खारी. तो मोजायचा नाही, पण मला येऊन सांगायचा. कुणाला तरी सांगायला हवं होतं. पुढे पुढे मी हसायचं सोडून दिलं होतं.

तो गेल्यावर दोन आठवड्यांनी इथल्या मराठी मंडळानं शोकसभा घेतली, एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्यानं घेऊन. अध्यक्षांनी सोबत सात कागद आणले होते. अर्ल तपकिरी कोट-टाय घालून माझ्या शेजारी बसला होता. पहिल्या रांगेत, आमच्या अगदी पुढे, शालिनीवहिनी. अध्यक्ष म्हणाले की दिगंबररावांनी आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नाही. मंडळाच्या कार्यात त्यांचा खारीचा वाटा होता, असंही म्हणाले, आणि मी बुटांकडे बघत राहिलो. अर्लनं कोपरानं ढोसलं. "काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, फार मवाळ माणूस होता."

"होता ना," अर्ल म्हणाला. त्याला कानानंही कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याचं कुजबुजणं चार रांगांना पुरतं. "एकही जखमी करून सोडली नाही त्यानं. डोक्यात एक गोळी, बस. तीन वर्षं माझ्या खारी तो मारत होता, आणि त्याला वाटायचं, मला पत्ता नाही. अरे, मी त्या स्वतः सोलायचो. डोळे गेले म्हणून बोटं गेली का? छर्‍याची भोकं कुठली आणि बावीसची गोळी कुठली, ते अंधारातही कळतं."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"कसा बोलणार? मी तर शहाऐंशीतच सोडणार होतो. मला तो चिखल, ते पहाटे उठणं, काही झेपत नव्हतं. पण डिगचा त्यात केवढा जीव! दर शुक्रवारी न चुकता फोन, किती वाजता निघायचं म्हणून. त्याच्यासाठी जात राहिलो मी."

पुढच्या रांगेत शालिनीवहिनींची मान वळली. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. अध्यक्षांचा पाचवा कागद चालू होता.

म्हणजे तीन वर्षं दोन माणसं, एक जण खार मारायची इच्छा नसलेला आणि दुसरा रानात जायचीच इच्छा नसलेला, एकमेकांचं मन राखण्यासाठी पहाटे चारला उठून शंभर मैल ड्राइव्ह करत होती. आणि मला त्यातली निम्मी गोष्ट ठाऊक होती. अर्लला एक फोन केला असता तरी दोघं सुटले असते. पण मी वचन दिलं होतं. माझंही मन फार चांगलं आहे ना.

आठ दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं. दारातच ते जाकीट, बूट, गादी, नळी असं सगळं एका पिशवीत भरून ठेवलेलं होतं. "हे घरात नको, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मारल्या, ते कळलं. शब्द मोडला, तेही कळलं. मला एवढंच कळायचंय, यांना आवडायचं का मारायला? मी आठ वर्षं दर शनिवारी कुणाचा डबा भरत होते?" मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "आत्ता नका सांगू. तोंडावर सांगितलंत, तर तुम्ही माझं मन राखाल. तुम्हा सगळ्यांना तेच येतं. मंडळी म्हणतायत, तुम्ही यांच्यावर पेपरात लिहिणार आहात. त्यात लिहा. चार माणसांदेखत खोटं लिहिणार नाही तुम्ही."

तर वहिनी, नाही आवडायचं. माझ्या नळाखाली ते हात मी पाहिले आहेत. तुमचा डबा त्यानं त्या हातांनी कधी उघडला नाही. आधी धुवायचा, मग उघडायचा. शब्द मोडला हे खरं, आणि त्यावरून तो आतल्या आत कुढत होता हेही खरं. ज्याच्यासाठी मोडला त्याला ते नकोच होतं, हे त्याला कळलं नाही. ते कळून तो सुटला असता की आणखी खचला असता, याचा मी पाच आठवडे विचार करतो आहे... (अर्लला मराठी येत नाही, ही या लेखातली एक सोय.)

पिशवी मी गॅरेजमध्ये ठेवली होती. काल जाकीट झटकायला काढलं, तर पाठीच्या खिशात डबा निघाला. हंगाम फेब्रुवारीत संपला, त्या शेवटच्या शनिवारचा असावा. काढायचा राहून गेला. आत दाण्याच्या कुटाचा जुनाट वास होता, आणि रबराच्या अस्तरावर कुठेही डाग नव्हता. खारी तो वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणायचा. खिसा शेवटपर्यंत डब्याचाच राहिला.

आणि काल दुपारीच अर्लचा फोन आला. "सॅटर्डेला सीझन उघडतोय," तो म्हणाला. "मला काही मारायचं नाही. फक्त शनिवारचं काय करायचं ते समजत नाही. तू येतोस?" मला साप चालत नाहीत, पहाट चालत नाही, आणि अर्लची नजर बघता गाडी मलाच चालवावी लागणार. मी नाही म्हणायचं ठरवलं आणि "आय वुड लव्ह टु" असं म्हणालो. मात्र या वेळी पुढचंही बोललो : "पण बंदुका घरी ठेवू, अर्ल." मग तो म्हणाला, "थँक गॉड."

वहिनींचा डबा परत करायचा आहे, आणि डबा रिकामा परत करायची आपल्यात पद्धत नाही. नदीकाठी त्या रानात अक्रोडासारख्या पेकनची झाडं आहेत, ऑक्टोबरात खाली पेकन पडतात, असं दिगंबर सांगायचा. शनिवारी ते जाकीट घालून जाईन आणि डबाभर वेचून आणीन. खारींनी ठेवले असतील तर.