लेकीने केलेली ती भूमिका

अमेरिकेत, श्रूजबरीत आमचं बस्तान चांगलं बसलेलं असताना माझा नवरा घर सोडून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला गेला. तिथे त्याच्या ऑफिसातली एक बाई होती. भांडण फारसं झालंच नाही. नागपूरची नोकरी सोडून मी त्याच्यामागे इथे आले होते. परत जाऊन लोकांना काय सांगायचं ते सुचेना, म्हणून राहिले.

पुढच्या वर्षी लेकीच्या हायस्कूलने एक प्राचीन ग्रीक नाटक बसवलं. नवऱ्यासाठी माहेर तोडून परक्या देशात आलेली बाई. नवरा दुसरं लग्न करतो आणि ती सूड म्हणून स्वतःचीच मुलं मारते. ती भूमिका माझ्या लेकीला मिळाली. मी पोळ्या लाटत असताना ती ओट्याशी उभी राहून संवाद पाठ करायची. एकदा मध्येच थांबून म्हणाली, "आई, तुला नाही वाटलं कधी बाबावर रिव्हेंज घ्यावा?"

"वाटलं ना. पण सकाळी तुला शाळेत सोडायचं असायचं."

ती हसली नाही. मी विचारलं, "प्रयोगाचं बाबाला कळवलंस?"

"नो. ही डझन्ट डिझर्व्ह इट. आणि तूही सांगायचं नाहीस. प्रॉमिस?"

मी हो म्हटलं.

शनिवारी दुपारी प्रयोग झाला. शेवटी नाटकातला नवरा मेलेल्या मुलांना एकदा हात लावू दे म्हणून गयावया करतो आणि ती लावू देत नाही. माझ्या शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या. लेक उंचावर ताठ उभी होती, पण तिची नजर त्या नवऱ्यावर नव्हती.

गाडीत बसल्यावर मेकअप न पुसताच ती रडायला लागली.

"मी सारखी दाराकडे बघत होते. मला वाटलं, तू प्रॉमिस मोडशील."

पार्किंग लॉट रिकामा होईपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.

नंतर त्याला कुणाकडून तरी समजलं. त्याचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते.

"इट्स ओके, बाबा. छोटंसंच नाटक होतं," ती सांगत होती. मग दोघं तिकडच्या हवेबद्दल बोलले.

कॉलेजात गेल्यावर तिने नाटकात नाव दिलं नाही. का, विचारलं तर म्हणाली, वेळ नसतो.