तहकुबीचा अर्धा तास

आमच्या पाणी वापर संस्थेचा मी सचिव. नवापूरच्या या भागात हे पद कोणी मागून घेत नाही. अक्षर बरं असलं की गळ्यात पडतं. सभेची सूचना मोबाइलच्या गटावर टाकली की ढीगभर अंगठे येतात, माणसं येत नाहीत. मग पुरेसे सभासद नाहीत म्हणून सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने तिथेच, आलेल्या चार टाळक्यांना घेऊन भरवायची. नियमात बसतं. इतकी वर्षं आमची प्रत्येक सभा अशीच झाली. कंटाळा आला म्हणायचाही आता कंटाळा येतो.

न चुकता येणारी एकच, कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या शेवटी भात लावणारी, नात्याची नसली तरी सगळ्यांची वहिनी. नवरा बारडोलीकडे मजुरीला, सातबारा अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याच्या नावावर. म्हणजे ती सभासद नाही, तिला मत नाही. तरी रविवारी चर्च सुटलं की ती सभेच्या जागी, समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसायची. तो अर्धा तास आम्ही मोबाइल बघत काढायचो, ती वाट बघत.

गेल्या वर्षी परतीच्या पावसाने दगा दिला. त्या सभेत ती उभी राहिली आणि आमच्या बोलीतच म्हणाली, "भाऊ, भात निसवलंय, लोंब्या बाहेर पडल्यात. आठ दिवसांत पाणी आलं नाही तर दाणा भरणार नाही."

अध्यक्षांनी मान डोलावली. यंदा पाणी चारीच्या शेवटच्या शेतापासून द्यायचं, असा ठराव मी झोकदार मराठीत लिहिला.

दुसऱ्या दिवशी कालव्याला पाणी सुटलं आणि चारीच्या तोंडाशी, आमच्याच शेताचं दार मोठ्या भावाने उघडलं. मी ठरावाचं सांगितलं. तो म्हणाला, "सभेला मी नव्हतो. तुमचा ठराव तुमच्यापाशी ठेवा." त्याचं बघून बाकीच्यांनीही दारं उघडली. दार पाडून पाणी बंद करायचा अधिकार मला होता. पण शेत माझंही होतं आणि आमचंही भात निसवलेलंच होतं. मी मुकाट्याने घरी आलो. याची लाज मला आजही वाटते.

पाचव्या दिवशी मी शेवटाकडे गेलो. वहिनी कोरड्या चारीत उतरून गवत उपटत होती, पाणी आलं तर अडू नये म्हणून. बांधापर्यंत तिने चारी लख्ख केली होती.

"सुटलं का, भाऊ?"

"येतंय," मी म्हणालो. त्या घडीला पाणी माझ्या शेतात होतं. ती मान हलवून पुन्हा वाकली.

पाणी पोचलं, पण बाराव्या दिवशी. कापणीच्या सुमाराला मी पुन्हा तिकडे गेलो. भरलेली लोंबी ओझ्याने वाकते. तिच्या शेतात बहुतेक लोंब्या ताठ उभ्या होत्या. एक हातात चोळली, तर नुसती फोलपटं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने मला चहा विचारला.

त्यानंतरच्या सभेलाही माणसं जमली नाहीत. मी तहकूब म्हटलं आणि पायरीकडे पाहिलं. चर्चमधून लोक घरी गेले. अर्धा तास झाला.

"चला सचिव, घ्या सुरू करून," अध्यक्ष म्हणाले.

"थोडं थांबू."

"आता कोण यायचंय?"

आणखी थोडा वेळ थांबलो, मग वही उघडून हजर सभासदांची नावं लिहिली, खाली गैरहजरांची. ती कुठल्याच यादीत बसत नव्हती. इतक्या सभांना ती आली, ते वहीत कुठे नाही. आणि त्या दिवशी ती आली नाही, तेही लिहायला जागा नव्हती.