मान वर की आडवी

नववीत असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी लांब मानेचा डायनासोर करायला घेतला. आई भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लाकडी नळ्यांवर सूत गुंडाळायची. मोडक्या कांड्या ती मागून घरी आणायची. त्यांचे तुकडे करून मी मणके केले आणि मानेपाशी येऊन अडले.

वाचनालयातल्या एका मासिकात लिहिलं होतं की या मानेवरून शास्त्रज्ञांचंच आपसात जमत नाही. काही म्हणतात, जिराफासारखी वर. काही म्हणतात, मणके जुळवून पाहा, ती आडवीच बसते. विज्ञानाच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "पुस्तकातल्या चित्रात वर आहे ना? मग मुकाट्याने वर कर. उगाच फाटे फोडू नकोस, तालुक्याला जायचंय आपल्याला." जायचं मलाही होतं, अगदी जीव टांगणीला लागला होता. पण कुणी मुकाट्याने कर म्हटलं की माझं डोकं फिरतं, आजही फिरतं.

रविवारी कोंबडीच्या रश्शातली मान मी मागून घेतली. खाऊन झाल्यावर हाडं धुतली आणि ताटात मणक्याला मणका लावत गेले. जवळजवळ सरळ रांग झाली. झालं, माझ्यापुरता निकाल लागला. दुपारीच मी डायनासोरची मान आडवी चिकटवून टाकली.

संध्याकाळी आईने ती पाहिली. "हाडं सरळ बसतात, खरं हाय," ती म्हणाली. "पण कोंबडी अशी कवा चालते का? दारात बघ जरा."

शेजारणीची कोंबडी मान उंच करून अंगणातून चालली होती. मला भयंकर राग आला, आईचा नाही, माझ्या घाईचा. दोन दिवस खपून मी ती मान फोडली आणि आत जाड तार घालून पुन्हा जोडली. आता ती वरही जायची, आडवीही व्हायची.

प्रदर्शनाला आई ड्युटी अर्धी टाकून आली. शाळेच्या फाटकातून ताठ मानेने, केसांत सुताचा कापूस तसाच. परीक्षकांनी विचारलं, "शेवटी वर की आडवी?" त्यांच्या मागून सर वर बोट दाखवत होते. मी म्हणाले, "हाडं आडवी सांगतात, जिवंत कोंबडी वर सांगते. नक्की काय ते मला माहीत नाही."

त्यांनी कागदावर 'निष्कर्ष नाही' असं लिहिलं. तालुक्याला दुसऱ्या वर्गाचा ज्वालामुखी गेला. मी रडले. आई म्हणाली, "लिहू दे त्यांना. तू खोटं न्हाय बोललीस."

गेल्या वर्षी आईच्या मानेचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, मणके झिजलेत, जन्मभर खाली मान घालून काम केलेलं दिसतंय. मी हो म्हटलं. प्रदर्शनाच्या दिवशी ती फाटकातून कशी चालत आली होती, ते त्या फिल्मवर नव्हतं.