सहापैकी दोन बोल्ट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, अण्णांजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ सुरुवात करणं जरा सोपं — तरी हात थांबतोच आहे.

आधी चांगलं सांगतो. नाशिकला आग्रा रोडवर कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा, गाडीत आवाज येतोय, कुणाला दाखवू? तो माझ्याकडे पाठवील. देवळ्याहून कांदा भरून निघालेले ड्रायव्हर वाट वाकडी करून येतात. अंबडच्या कारखान्यातले शिकलेले साहेब मला गाडीत शेजारी बसवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या गावातला, सातवीत शाळा सोडलेला माणूस. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला टेकवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो. आणि सांगतो. सहसा चुकत नाही. हा गर्व आहे का? असेल. पण खोटा नाही.

खोटं आहे ते दुसरंच. हे नाव ज्या दिवशी झालं, त्या दिवसातलं.

अठ्ठ्याण्णव साल असेल. यशवंतअण्णांच्या गॅरेजात मला सहा वर्षं झाली होती. अण्णांनी मला काय दिलं, कसं सांगू? नाशकात उतरलो तेव्हा ओळखीचं एक माणूस नव्हतं. त्यांनी काम दिलं, गॅरेजमागची खोली दिली. मला कावीळ झाली तेव्हा वहिनींनी घरी नेऊन महिनाभर पथ्याचं करून घातलं. मी त्यांचा कोण होतो? म्हणूनच भीतीही तेवढीच होती. रोज सकाळी शटर उचलताना वाटायचं — आज हातून काही बिघडलं तर?

एका क्रेनवाल्याकडे लिलावातून घेतलेला परदेशी क्रेन-ट्रक होता. कसारा घाटात उलटलेल्या गाड्या तो ओढून काढायचा. त्याला ऑटोमॅटिक गिअर, क्लचचा पायडलच नाही. आमच्या गॅरेजांच्या लाइनीत असलं काही कुणी खोललेलं नव्हतं. त्याचा गिअरबॉक्स गेला, तेव्हा अण्णांनी मालेगावच्या हमीदभाईंना निरोप धाडला. हमीदभाई जुन्या गाड्यांचे भाग विकायचे. दोघं एकाच उस्तादाकडे शिकलेले, एकाच ट्रकखाली झोपलेले. अण्णांना ‘येशा’ म्हणणारा जगात तो एकच माणूस उरला होता. त्यांनी कुठून कुठून तसाच दुसरा गिअरबॉक्स शोधून आणला.

बसवला मी. असल्या गाडीत क्लचच्या जागी तेलानं भरलेलं एक मोठं गोल भांडं असतं — आम्ही त्याला कलिंगड म्हणायचो. ते इंजिनच्या चकतीला सहा बोल्टांनी जोडायचं. खालून तळहाताएवढी खिडकी. इंजिन हातानं फिरवायचं, एकेक बोल्ट खिडकीत आणायचा, आवळायचा. आणि अण्णांचा कडक नियम होता — पूर्ण आवळलेल्या बोल्टवर खडूची रेघ मारायची. रेघ नाही म्हणजे काम बाकी. रेघ आहे म्हणजे त्या बोल्टकडे परत कुणी बघायचं नाही.

गाडी चालू केली आणि टक्-टक्-टक् सुरू झालं. उभ्या गाडीत जास्त, गिअरमध्ये टाकली की दबायचं, सोडली की परत. अण्णांनी तेल तपासलं. बरोबर होतं. एखादा पत्रा घासतोय का पाहिलं. नाही. बोल्टांच्या रेघा पाहिल्या. सहाच्या सहा होत्या. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी अण्णांनी ठरवून टाकलं, गिअरबॉक्सच आतून खराब आहे.

हमीदभाई एसटीनं आले. सगळ्या लाइनीसमोर अण्णा त्यांना नाही नाही ते बोलले. हमीदभाई एवढंच म्हणाले, “येशा, माल खरा है. मी खुद चालवून पाहिला.”

“तुझ्या खऱ्यापायी माझं नाव चाललं,” अण्णा म्हणाले. “मला परत तोंड नको दाखवू.”

ते गेले. हातातला चहाचा ग्लास त्यांनी पाण्याच्या पिंपाजवळ नीट ठेवला आणि गेले. मी दहा हातांवर उभा होतो — आणि मला माहीत होतं.

हो. माहीत होतं. आदल्याच दिवशी स्क्रू-ड्रायव्हर लावून मी ऐकलं होतं. आवाज गिअरबॉक्सच्या पोटातून येत नव्हता. पुढून, जोडावरून येत होता. आणि ऐकता ऐकताच आठवलं होतं. पहिल्या फेरीत बोल्ट नुसते हातानं बसवताना मी रेघा मारून टाकल्या होत्या — खडू हातात होता, परत कोण शोधत बसेल म्हणून. दुसऱ्या फेरीत चार आवळून झाले आणि शेजारच्या दुकानात आईचा फोन आला. महिन्यातून एकदा यायचा. बोलून परत आलो, खिडकीतून रेघ दिसली, झाकण लावलं. आईचा फोन हे कारण नव्हे. फोन कुणालाही येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिअरबॉक्स उतरवायचा ठरला. तो उतरवायचा म्हणजे ते सहा बोल्ट सोडायचे — दोन ढिले, वर माझी रेघ. मग मी काय केलं? त्याच दुपारी अण्णा जेवायला गेले असताना, ढिल्या बोल्टवर माझी रेघ कुणाला दिसू नये म्हणून, त्या दोन बोल्टांवरचा खडू बोटानं पुसला. ते आल्यावर म्हणालो, एकदा मला ऐकू द्या. क्रेनवाला हसला. शेजारचा वेल्डर म्हणाला, “डॉक्टर आले, बाजूला व्हा.” मी आडवा झालो, मूठ कानाला लावली, कितीतरी वेळ डोळे मिटून राहिलो. मग खिडकी उघडायला लावली, इंजिन फिरवलं आणि सगळ्यांच्या देखत ढिला बोल्ट बोटानं हलवून दाखवला.

आवळले. गाडी चालू केली. काही नाही — नुसता इंजिनाचा स्वच्छ आवाज. आमची अख्खी लाइन गोळा झाली. अण्णांनी मला मिठी मारली, तेलकट शर्टासकट. चार दिवसांनी ती क्रेन कसारा घाटातून भरलेला ट्रक ओढत वर आली, तेव्हा मी तिच्या केबिनमध्ये होतो. वळणावर थांबलेले ड्रायव्हर हात वर करत होते. तो आनंद — आजही अंगावर काटा येतो, आणि तो मला परत करायचा नाही. कान माझाच होता ना?

पण अण्णांनी त्या दिवशी विचारलं होतं, रेघा तर मी पाहिल्या होत्या, मग बोल्ट ढिले कसे? मी म्हणालो, गिअरबॉक्ससोबत आलेले जुने बोल्ट, ताणलेले असतील, गाडी चालली की सैल होणारच. गिअरबॉक्ससोबत आलेले, म्हणजे हमीदभाईंनी दिलेले. पुढचं मला बोलावं लागलं नाही. अण्णांनी ते दोन बोल्ट काढून नवे बसवले आणि जुने कितीतरी वर्षं गल्ल्यात ठेवले, येणाऱ्याला दाखवायला.

बोल्ट चांगले होते. गिअरबॉक्स चांगला होता.

हमीदभाई त्यानंतर आग्रा रोडला आले नाहीत. माझं मालेगावला अनेकदा जाणं झालं. त्यांची गल्ली मला माहीत आहे.

अण्णा शेवटी आठ महिने अंथरुणाला होते. मी रोज जायचो, दाढी करून द्यायचो. एका सकाळी गालाला साबण लावलेला असताना ते म्हणाले, “सगळ्यांनी दिलं रे मला. एका हम्यानंच दगा दिला. नाय का?”

मी वस्तरा पाण्यात बुडवला आणि म्हणालो, “हो, अण्णा.”